पाहुण्यांचं पाणी

भूगोलाच्या पुस्तकात पोरांना शिकवतात, माणूस पाण्याजवळ वस्ती करतो. नदी दिसली, गोडं पाणी दिसलं की तिथं चूल मांडतो, गाव वसवतो. शिकवा बापा, खुशाल शिकवा. पण एकदा दर्यापूरच्या पुढं, पूर्णेकाठच्या बोरखारला या, कोणत्याही विहिरीतलं ओंजळभर पाणी तोंडात घ्या आणि मग सांगा इथं माणसं कशाला बसली ते. समुद्र कुठल्या कुठं, आणि विहिरीत मात्र मीठ. अमरावतीकडून अकोल्याकडं, पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा खारपाण पट्टा पसरलेला आहे. वरची माती काळी, लोण्यासारखी. कापसाची पऱ्हाटी घ्या, तूर घ्या, आणि पावसाळा सरला की नुसत्या ओलीवर हरभरा असा येतो की पाहत राहावं. त्या मातीला भुलून कोणाच्या तरी खापरपणज्यानं इथं बैल सोडले. खाली काय आहे ते त्याला नंतर कळलं असेल, आणि तोवर घर उभं राहिलं असेल. तेव्हापासून माणसं बसली ती बसलीच.

कौशल्या मूळची इथली नव्हे. ती मोर्शीकडची, संत्र्याच्या मुलखातली. माहेरच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की उन्हातून आलेला माणूस एक तांब्या पिऊन दुसरा मागायचा. तिचे वडील मोतीराम सोयरीक पाहायला बोरखारला आले, तेव्हा त्यांनी वावर पाहिलं, बैलजोडी पाहिली, होणाऱ्या जावयाचा, रामरावांचा धिप्पाड देह पाहिला. मग ओसरीवर बसून पेलाभर पाणी प्याले. थंडगार आणि गोड. लोक म्हणतात तसं काही नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी सुपारी फोडली.

आता ते पाणी कुठलं होतं, तर बोरखारात त्याला नाव आहे. पाहुण्यांचं पाणी. गावात कोणाच्याही पोराला मुलगी पाहायची असली, मुलीकडचे लोक घर बघायला येणार असले, की आदल्या दिवशी पट्ट्याबाहेरच्या गावातून गोडं पाणी येतं. तेव्हा बैलगाडीतून यायचं, आता मोटारसायकलला कॅन बांधून येतं. ओसरीवरचा माठ त्यानं भरायचा, चहा त्याचाच करायचा, वरण त्यातच शिजवायचं, कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ कच्चीच राहते आणि दूध फाटतं. चौकातल्या हातपंपाचा दांडा दोरीनं बांधून ठेवायचा आणि कोणी विचारलं तर बिघडला म्हणून सांगायचं. हे एका घराचं काम नाही, साऱ्या गावाचं आहे. ज्यांचं बोलणं वर्षभर बंद असतं अशी दोन घरंही त्या दिवशी एकमेकांना घागर देतात. धरणाची पाइपलाइन आली आहे म्हणा आता, नळही बसले आहेत, पण त्यांना पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं.

लग्न होऊन आल्यावर पहिल्या सकाळी कौशल्यानं चूळ भरली आणि भसकन थुंकली. तिला वाटलं, नणंदेनं थट्टा म्हणून तांब्यात मीठ टाकलं. ती हसलीसुद्धा. सासू चुलीपाशी होती, ती काही हसली नाही. "सवय होते," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

दिवाळीला मोतीराम लेकीला न्यायला आले. तेव्हा माठ कोणी भरून ठेवला नव्हता, कारण आता ते पाहुणे नव्हते, सोयरे झाले होते. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. कौशल्याला वाटलं, बाबा आता म्हणतील, चाल पोरी, इथं नाही राहायचं. बाबा काही म्हणाले नाहीत. पुढच्या खेपेपासून येताना मात्र स्वतःसोबत पाण्याचा डबा आणू लागले. मरेपर्यंत आणला. वा रे बाप! लेकीला कायमचं नेता आलं नाही, पण स्वतःपुरतं पाणी बरोबर आणता आलं. कौशल्याला त्या डब्याचा जेवढा राग आला तेवढा सासूच्या खोटेपणाचाही कधी आला नाही.

सवय झाली. होतेच. केस वाळल्या गवतासारखे झाले, साबणाला फेस येईना, भांड्यांवर पांढरा थर चढे तो चिंचेनं घासून काढायला ती शिकली. माहेरचं पाणी आठवून पहिली काही वर्षं ती न्हाणीत रडायची. मग नितेश झाला आणि रडायला वेळ उरला नाही.

रामरावांचे पाय सुजायला लागले तेव्हा ते पन्नाशीलाही आले नव्हते. आधी पाय, मग तोंड. अकोल्याला दाखवलं, तर मूत्रपिंडं गेली म्हणाले. आठवड्याला दोन चकरा, मशीनवर रक्त धुणं, परतीच्या बसमध्ये बायकोच्या खांद्यावर मान टाकून झोपणं. बोरखारात असे पाय नवे नाहीत. प्रत्येक गल्लीत एखादा तरी असतो. कौशल्यानं एकदा डॉक्टरला सरळ विचारलं, "साहेब, हे पान्यानंच झालं ना?" डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, बाई, असं एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. कौशल्याला खात्रीची काही गरज नव्हती. रामराव गेले, तिनं त्यांना जाळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीच्या पाण्यानं राख विझवली.

राहिला नितेश. पोरगं कामाचं. दर्यापूरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचं आणि सुट्टीला वावर बघायचं. निर्व्यसनी, दिसायला बरं. पण तिशी उलटून गेली तरी पोरगी मिळेना. नितेशच्या वयाची अशी पोरं बोरखारात किती तरी. संध्याकाळी पारावर बसतात, एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि कोणाच्या लग्नाची गोष्ट निघाली की उठून जातात. आजकाल मुलीकडचे भोळे राहिले नाहीत. खारपाणातलं गाव म्हटलं की फोनवरच नाही म्हणतात. शेजारच्या चंदाचा बंडू त्यातलाच. त्याच्यासाठी चंदानं देव सोडला नाही की मध्यस्थ सोडला नाही.

म्हणून तिवस्याकडून खुशालरावांचा निरोप आला, की मुलीला घेऊन घर पाहायला येतो, तेव्हा कौशल्याच्या आधी चंदाच कामाला लागली. बंडूला कॅन घेऊन पिटाळलं, माठ धुतला, हातपंपाला स्वतः दोरी बांधून आली. "कौशल्ये, तू फक्त तोंड हसरं ठेवजो," ती म्हणाली. "पानी इचारलं तं सांगजो, पाइपलाइन आली, आता काई टेन्शन नाई. एका घरी बाई आली ना, मंग दुसऱ्या घरीबी येते. मायाबी बंडू रांगेतच हाय वं."

कौशल्या हो म्हणाली. तिनंही अशी घागर किती तरी घरांत पोचवली होती. ज्या घरांत पोचवली तिथल्या सुना आज पाण्यावर तिच्यासोबतच असायच्या, आणि एकीनंही कधी कोणाला जाब विचारला नव्हता. आज पोराचं घर बसायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिनं जगाकडं मागितली होती.

पाहुणे आले. खुशालराव, त्यांचा भाऊ, आणि मुलगी दामिनी. हल्ली मुलगी स्वतःच घर पाहते, आणि ही तर पाहतच राहिली. कोपरे पाहिले, संडास पाहिला, नितेशला दोन-चार प्रश्न तोंडावर विचारले. खुशालराव माठातलं पाणी पिऊन मिशा पुसत म्हणाले, "पानी तं बरं हाय बापा तुमचं." ओसरीवर सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. चंदानं पदराआडून कौशल्याकडं पाहिलं.

मग दामिनी आत स्वयंपाकघरात आली. "मावशी, मलेबी पानी द्या," म्हणाली. कौशल्यानं माठातलं दिलं. पोरीनं अर्धा पेला पिऊन ओठ पुसले आणि मोकळं हसली. "आमच्याकडे लोकं कायबी सांगतात वं मावशी. म्हणे तिकडं मीठ पेतात. मी तं रातभर जागी होती. बाबा म्हणत होते नको जाऊ. मी म्हटलं, पाहून तं येऊ. गोड हाय की."

पाइपलाइन आली, एवढंच बोलायचं होतं. शब्द पाठ होते. कौशल्यानं तोंड उघडलं आणि तिला ते बोलताच येईना. ही पोरगी हसत होती. पहिल्या सकाळी चूळ थुंकून आपण हसलो होतो ते तिला आठवलं, आणि तिनं दामिनीच्या हातातला पेला ओढूनच घेतला. उरलेलं पाणी मोरीत फेकलं. मागच्या दारी घरच्यांचा रांजण होता, त्यात बुडवून आणला आणि समोर धरला.

"हे पे. आमी पेतो ते हे हाय."

दामिनीनं घोट घेतला. चेहरा वेडावाकडा झाला, पण पोरगी चिवट, थुंकली नाही. गिळला. पेल्यात पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमी किती वर्सं पेऊन राह्यल्या?"

"लगन झालं तवापासून."

दारात चंदा उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

पाहुणे कळवतो म्हणून गेले. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. गाडी वळते न वळते तोच नितेश घरात आला. तो आयुष्यात कधी आईवर ओरडला नव्हता. त्या दिवशीही ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माय, काहून केलं तू असं?"

"तिले फसवू नाई वाटलं बाबू. मले फसवलं होतं."

"तुले फसवलं म्हनून मी जलमलो," तो म्हणाला. "तुया बापाले कोनं खारं पाजलं असतं, तं मी नसतोच. तुले वाटते काय, नसतो जलमलो तं बरं झालं असतं?"

तिनं नाही म्हणायला हवं होतं, ताबडतोब, जिवाच्या आकांतानं. पण तिला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात पोरगं चपला घालून बाहेर पडलं.

पुढचे काही दिवस घरात ताट वाढलं जायचं आणि उचललं जायचं, एवढाच आवाज. मग एका दुपारी दामिनीचा नितेशला फोन आला. बापाला न विचारता तिनं स्वतः लावला होता. म्हणाली, "सगळ्याच पोरांचे मायबाप काईबाई लपवतात. तुमच्या घरी आता लपवाले काई उरलं नाई. मी येतो. पन बोरखारले नाई. अकोल्यात खोली करा, मी बी काम करन. त्या गावात मी पोर जलमू देनार नाई."

नितेश तयार झाला. कौशल्याही झाली. न होऊन करते काय? पोराचं घर बसलं ना, मागितलं ते मिळालं. फक्त ते घर इथं बसलं नाही. खुशालरावांचं लेकीपुढं चाललं नाही; तिवस्याला साधंच लग्न झालं, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका दुकानात नितेशला काम मिळालं, मागच्या गल्लीत खोली मिळाली. निघताना दामिनी सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, तुमीबी चाला." कौशल्या म्हणाली, वावर कोन पाहीन, गाय कोन पाहीन. खरं म्हणजे तिला कोणी दुसऱ्यांदा म्हणेल असं वाटत होतं. नितेश सामान चढवण्यात गुंतला होता.

आणि बोरखारात काय झालं ते ऐका. सोयऱ्यांत गोष्टी वाऱ्यासारख्या पसरतात. दामिनीकडून कळलेलं खुशालरावांच्या भावानं कुठल्याशा कार्यात चारचौघांत सांगितलं, की बोरखारवाले माठात गोडं पाणी भरून ठेवतात, सोयऱ्यांनो, मागच्या दारचं पिऊन पाहा. मूर्तिजापूरकडची एक मुलगी बंडूसाठी जवळजवळ ठरली होती. ते लोक आले, ओसरीवर बसले, माठातलं पाणी त्यांनी घेतलंच नाही. सरळ हातपंपाकडं गेले आणि दोरी सोडली. बंडूची सोयरीक तिथंच मोडली. त्याच्यामागून आणखी दोन घरांच्या मोडल्या.

चंदा भर गल्लीत कौशल्याच्या दारासमोर येऊन उभी राहिली. "तुयं पोट्ट गेलं शहरात, झालं तुयं भलं! अन् आमच्या पोरायनं काय भिताडासंगं लगन लावाचं? सती सावित्री बनाले निघाली! इतके वर्सं तू स्वतः घागरी वाह्यल्या, तवा नाई आठवलं तुले?"

कौशल्या दार लावून आत बसली. चंदाचा एक शब्दही खोटा नव्हता, हेच तर वाईट. खरं बोलल्यानं एका पोरीचं भलं झालं आणि गल्लीभर पोरांच्या नशिबावर दगड पडला. याचा हिशेब कोणत्या देवाला येतो कोण जाणे. त्यानंतर पाण्यावर तिच्यासोबत कोणी उभं राहीना. ती आली की बायका घागरी उचलून चालू लागत. संक्रांतीला वाण द्यायला ती तीन घरी गेली, तिन्ही घरची दारं आतून बंद होती. तो तीळगूळ तिनं गायीला घातला.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे पाय सुजले. सकाळी अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. हे पाय तिनं आधी पाहिले होते, दुसऱ्याचे. ती कोणाला बोलली नाही. चप्पल पायात जाईना तेव्हा अनवाणी वावरात जाऊ लागली. एकदा नितेश अचानक आला, त्यानं ते पाय पाहिले आणि तसंच उचलून अकोल्याला नेलं. गाय विकली, घराला कुलूप लावलं. डॉक्टर म्हणाला, अजून हातात आहे. औषध घ्या, मीठ बंद करा आणि ते पाणी सोडा. परत त्या गावात गेलात तर मग माझ्याकडं येऊ नका.

खोली लहान होती, पण दामिनीनं सासूची खाट खिडकीजवळ टाकली. पोरीला तेव्हा पाचवा महिना होता. ओट्यावर फिल्टर लावलेला. तोटी फिरवली की गोडं पाणी, पाहिजे तेवढं, दिवसभर. कौशल्या पहिल्या दिवशी त्या तोटीकडं पाहून रडली. दामिनीला वाटलं आनंदानं रडतात, आणि तेव्हा ते खरंही होतं.

पण घशाखाली ते पाणी उतरेना. पेलाभर प्याली तरी कोरड तशीच. जिभेला काही लागायचंच नाही, प्याल्यासारखंच वाटायचं नाही. तिला वाटलं, होईल सवय. तेवढी एक गोष्ट तर तिला येत होती. पंधरवडा गेला, महिना गेला. ती पाणी कमी कमी पिऊ लागली. ओठ फुटले, लघवी आटली. दामिनी विचारायची, "आई, पानी काहून नाई पेत?" ती म्हणायची, पेलो ना आताच.

एका दुपारी दामिनी डुलकी काढून उठली, तर कौशल्या ओट्यापाशी पाठमोरी उभी. पेल्यात पाणी होतं आणि ती मिठाच्या डब्यातून चिमटी घेऊन त्यात टाकत होती. पुन्हा एक चिमटी. बोटानं ढवळलं. मग पेला तोंडाला लावला आणि असा घटाघटा प्याली, जणू कित्येक दिवसांची तहानलेली. होतीच ती.

"आई!" दामिनी किंचाळली.

संध्याकाळी नितेशला सगळं कळलं. तो पांढराफटक पडला. "माय, डोकं फिरलं काय तुयं? बाबाले काय झालं इसरली? याच्यासाठी आनलं काय मी तुले इथं? जनमभर तू या गोड्या पान्यासाठी रडली, तूच सांगे मले लहानपनी. आता तोटीले हाय तं मीठ टाकून पेते?"

कौशल्या खाली मान घालून बसली होती. चोरी पकडलेल्या पोरीसारखी.

"मले मालूम हाय रे. मायच्या घरचं पानी असंच होतं. मले आठवते. पन तहान तिकडचीच झाली बाबू. मी काय करू?"

नितेशनं फिल्टरखाली पेला भरला आणि तिच्यासमोर धरला. हात पुढं करून तसाच उभा राहिला. पोरगं समोर आहे म्हणून ती प्याली. डोळे मिटून, औषध प्यावं तशी, सगळा पेला. मग रिकामा पेला परत देत म्हणाली, "उद्या मले गाडीत बसवून दे."

दामिनीनं हात जोडले, रडली, नातवाचं तोंड पाहून जा म्हणाली. सकाळी नितेशनं आईला दर्यापूरच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून दिली.